मागचं दार

४ मे

प्रिय ताई,

पोचले. गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. तू माझ्या नकळत पिशवीत कोंबलेला स्वेटर घरी आल्यावर सापडला. तो मला होत नाही हे गेल्या वर्षीच सांगितलं होतं, पण तू कुणाचं ऐकशील तर शपथ.

आता मुद्द्याचं. हे तिथे असतानाच बोलले असते तर तू भांडी आपटत आत निघून गेली असतीस. म्हणून लिहिते.

तू मागच्या पायरीवरून पडलीस सकाळी नऊला. तुला उचललं दुपारी तीनला, तेही मीटर बघायला आलेल्या माणसानं. सहा तास तू तिथे होतीस. 'मुंग्यांची रांग बघत पडले होते' असं तू हसत सांगितलंस, पण मी ताट बाजूला सारलं. घरात मागची खोली आहे. तिला खाट आहे, खिडकी आहे, गल्लीत उघडणारं स्वतःचं दार आहे, आणि चार वर्षं ती बंद आहे. भाडेकरू ठेव. भाड्याचं सोड गं, घरात खोकणारं, खुर्ची सरकवणारं कुणीतरी हवं.

मी रोज दवाखान्याच्या खिडकीवर बसून दाखल होणाऱ्यांचे फॉर्म भरते. त्यात 'जवळचे नातेवाईक' असा एक रकाना असतो. काही माणसं त्या रकान्याशी येऊन अडतात आणि खिडकीबाहेर बघायला लागतात. तशी माणसं बघितली की हल्ली मला तू दिसतेस. विचार कर.

तुझी,
धाकटी


११ मे

धाकटे,

पत्र मिळालं. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय काही गेली नाही.

मी पडले ते माझ्या चुकीनं. मागचं दार बिजागरीवर खाली बसलंय. कडी धरून जरा वर उचलायचं आणि मग लावायचं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी एका हातात बादली होती. दुसऱ्या हातानं नुसतंच ओढलं. दार आलं नाही, मी मात्र गेले. अख्ख्या पंचक्रोशीला दारं करून देणारा सुतार, आणि त्याच्याच घरचं दार वीस वर्षं लागत नाही. विचारलं की म्हणायचे, 'करतो, या आठवड्यात करतो.' दिव्याखाली अंधार तो हाच.

आणि ती खोली रिकामी नाही. तिथे तुझ्या भाच्याचं टेबल आहे, पुस्तकं आहेत, गादी आहे. दर आठवड्याला मी गादी उन्हात टाकते. लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस, गादीला कुबट वास येतो म्हणून टाकते.

तू म्हणतेस, चार वर्षं झाली, सोडून दे. तू तेव्हा इथे नव्हतीस, म्हणून एकदाच लिहिते आणि पुन्हा लिहिणार नाही. यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हात टेकले होते. तुझ्या भाच्यानं मला न विचारता हत्यारांची पेटी उचलली आणि यांच्या दुकानातल्या मिस्त्रीला देऊन टाकली. रंधे, पटाश्या, करवती, सगळं. म्हणाला, 'गंजत पडण्यापेक्षा कुणाच्या तरी हातात राहू देत.' आणि पुढच्याच आठवड्यात एका सकाळी हे उठून बसले. तोंडावर तजेला होता. म्हणाले, 'माझा रंधा आण, आज मागचं दार करूनच टाकतो.' मी आनंदानं पेटी आणायला धावले. कोपऱ्यात पेटी नव्हती, पेटीच्या मापाचा स्वच्छ चौकोन तेवढा फरशीवर राहिला होता. मी रिकाम्या हातांनी परत आले. यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं समजले. 'म्हणजे तुम्ही मला आधीच पोचवलंत,' एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे कूस वळवली. पुढचे अठरा दिवस तसेच काढले त्यांनी.

सगळं आटोपल्यावर मी त्याला म्हणाले, 'या घरात आता तुला खोली नाही.' हे माझंच तोंड म्हणालं. तो पिशवी घेऊन मागच्या दारानं गेला. आणि जाताना दार नीट वर उचलून, जराही आवाज न करता लावून गेला. मला त्याचाही राग आला. निदान आपटून तरी जायचं.

तर मी बोलले ते बोलले. पण खोली त्याची आहे. पुन्हा विषय काढू नकोस.

ताई


२० मे

प्रिय ताई,

तू नको म्हणालीस तरी विषय काढते.

त्याला यायचं असतं तर चार वर्षांत आला असता. एक ओळ नाही, कुणाजवळ निरोप नाही. कुठे आहे, काय करतो, काही ठाऊक नाही. तू त्याच्यासाठी गादी वाळवत बसतेस आणि इथे मी तू पुन्हा पडशील म्हणून धास्तावते. उद्या तो आलाच, तर त्याला काय सांगायचं? तुझी खोली जपली, पण आई त्या नादात गेली?

कठोर लिहिते आहे हे मला कळतं. घरात तुला कुणी बोलणारं उरलं नाही, तर मला बोलायलाच हवं. वाईट वाटलं तर वाटू दे. पण पाटी लाव.

धाकटी


६ जुलै

धाकटे,

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, म्हणतात. मी जनाचं ऐकलं. मनाचं करायचं राहिलं.

पाटी लावली. 'मागची खोली भाड्याने देणे आहे.' अक्षरं मीच काढली, काळ्या रंगानं. ओळ जरा तिरकी गेलीय. फाटकावर टांगली आणि दोन दिवस त्या बाजूला फिरकलेच नाही. स्वतःच्या घरावर स्वतःच टाच आणावी तसं वाटत होतं.

मग माणसं यायला लागली. एक नवराबायको तान्हं बाळ आणि सासू घेऊन आले आणि खोली एकाच माणसाला पुरेल म्हटल्यावर सासू म्हणाली, 'मी जागा घेत नाही.' तिच्याकडे बघून मला ते पटलं नाही. एक जण पावलांनी खोली मोजून गेला आणि जाताना तुमची भिंत वाकडी आहे असं सांगून गेला. एका बाप्यानं विचारलं, सकाळी उठवाल ना? मी म्हटलं, मी खोली देतेय, आई देत नाही.

शेवटी एक चष्मेवाले आले. बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात मागे बसून काचा घासतात, गिऱ्हाइकांची मापं घेतात. चाळिशीचे असतील, एकटे, कमी बोलणारे. खोली दाखवायला नेलं तर ते खोलीकडे बघेचनात, माझ्या चष्म्याकडे बघत राहिले. 'या काचांमधून तुम्हाला काही दिसतं का?' मी म्हटलं, 'बघण्यासारखं जेवढं उरलंय तेवढं दिसतं.' त्यावर ते हसले नाहीत. मला आवडलं ते.

खोली त्यांना दिली. त्याची पुस्तकं आणि कपडे ट्रंकेत भरले, ट्रंक माझ्या खाटेखाली. टेबल तिथेच ठेवलं. गादी मात्र दिली नाही, नवी करून घेतली. दोन दिवस लागले आवरायला. त्याचा एक शर्ट दाराच्या खिळ्याला होता. चार वर्षं मी त्याला हात लावला नव्हता. घडी घालताना शिवण उसवली, इतका जीर्ण झाला होता. मी रडले. हे तुला मुद्दाम सांगते. तुझ्यावर राग म्हणून सांगते.

भटाला दिली ओसरी व्हायला नको म्हणून अटी घातल्यात. स्वयंपाकघरात यायचं नाही, रेडिओ हळू, आणि येणंजाणं मागच्या दारानं. म्हणजे मागचं दार आता त्यांचं. घरचे मागून आणि परके पुढून हा आपला जन्माचा नियम, तो उलटा झाला बघ. परका मागून येतो आणि मी माझ्याच घरात पुढून शिरते. तूही आलीस तर पुढून ये. सवयीनं मागे जाऊन त्या बिचाऱ्याला घाबरवू नकोस. दार काही त्यांना अजून वश झालेलं नाही. दोनदा खरडतं, तिसऱ्यांदा आपटतं, तेव्हा कुठे लागतं. उचलून लावा म्हणून सांगितलं, पण सांगून येण्यातली ती गोष्ट नाही.

त्यांच्या दुकानात फोन आहे. नंबर पत्राच्या मागे लिहिलाय. उगाच करू नकोस.

ताई


२ ऑगस्ट

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला. दवाखान्यात काम फार आहे.

भाडेकरू ठेवलास हे छान केलंस. कसे आहेत ते? कायमचे राहणार का? म्हणजे समज, घरातलंच कुणी चार दिवस राहायला आलं तर ते काही म्हणतील का? सहज विचारते.

आणि एक. रविवारी, १७ तारखेला, तू घरीच राहा. दिवसभर. बाजार, शेजार, काही काढू नकोस. का ते विचारू नकोस. एवढं माझं ऐक.

तब्येत जप. त्या पायरीवर पाय जपून ठेव.

तुझी,
धाकटी


१८ ऑगस्ट

धाकटे,

तुला लाज कशी वाटत नाही?

'घरातलंच कुणी चार दिवस राहायला आलं तर' म्हणे. मला कळत नाही का, तुझ्या मनात काय आहे ते? नोकरीचं वर्ष राहिलंय, एकटीला घर खायला उठतं, ताईकडे जावं असं वाटतंय, पण सरळ म्हणशील तर तू धाकटी कसली! मीच पुढे होऊन म्हणते, ये. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते. मी मापून बघितलंय.

काल सकाळी सातपासून पुढच्या खोलीत दाराशी खुर्ची टाकून बसले. जरीकाठाची साडी नेसले होते, हस आता. तू सवयीनं मागे वळशील म्हणून फाटकावर नजर ठेवून होते. नजर तरी कसली, चष्मेवाल्यांनी माझा चष्मा दुकानात नेलाय, नव्या काचा बसवताहेत. फाटकाशी कुत्रं आलं तरी मला तूच वाटायचीस. स्वयंपाक तर दहालाच झाला होता. अकरा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. शेवटी तुझं ताट चष्मेवाल्यांना वाढलं. ते बिचारे पोटभर जेवले आणि 'पाहुणे आले नाहीत का?' असं विचारून माझ्या जखमेवर मीठ चोळून गेले.

दिवसभरात आलं कोण, तर खोली बघायला एक माणूस. पाटी काढायची मी विसरलेच बघ. सव्वा महिना झाला, खोली गेली आणि पाटी तशीच. तो गल्लीतून थेट मागच्या दाराशी गेला. चष्मेवाल्यांनी सांगितलं, खोली आता रिकामी नाही. गेला बिचारा. पण माणूस भला असावा. चष्मेवाले दाराशी झटापट करत होते तर म्हणाला, 'असं नाही, कडी धरा, थोडं वर घ्या आणि मग.' आणि स्वतः लावून दाखवलं. मला पुढे ऐकू आलं, एका दमात लागलं दार, नुसतं खट्. मला वाटलं, शिकले एकदाचे चष्मेवाले. तेव्हापासून खरंच शिकलेत. आज सकाळी कामावर गेले ते मला कळलंच नाही. जे मी सव्वा महिन्यात शिकवू शकले नाही ते त्या वाटेच्या माणसानं दोन मिनिटांत शिकवलं.

पाटी आज काढली. आणखी कुणाला हेलपाटा नको.

तू का आली नाहीस ते लिही. खरं कारण लिही, दवाखान्यात काम फार आहे असं लिहू नकोस.

ताई


४ सप्टेंबर

धाकटे,

सतरा दिवस झाले. उत्तर नाही. रागावलीस का? मी रागानं लिहिलं ते प्रेमानंच लिहिलं होतं, एवढी वर्षं झाली, तुला एवढं कळू नये?

नवा चष्मा आला. घर इतकं मळलंय हे मला ठाऊकच नव्हतं. तू येऊन गेलीस आणि एका शब्दानं बोलली नाहीस! तीन दिवस जळमटं काढतेय. मागच्या दाराच्या चौकटीवर तुझ्या भाच्याच्या उंचीच्या रेघा आहेत, पेन्सिलीच्या, यांनी ओढलेल्या. मला वाटायचं, पुसल्या गेल्या. आहेत सगळ्या. मीच बघू शकत नव्हते. शेवटची रेघ माझ्या डोक्याच्या वर हातभर आहे.

तुला एक विचारायचं होतं. तुझ्या दवाखान्यात एवढी माणसं येतात. कधी त्याच्यासारखं कुणी दिसलं तर कळव. मी विचारलं असं मात्र त्याला सांगू नकोस. नाहीतर सांग.

पत्र लिही.

ताई


३० सप्टेंबर

ताई,

तू गेल्यापासून हे पत्र पाच वेळा फाडलं. तू इथे दोन दिवस होतीस आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मी पाणी दिलं ते प्यायलीस, पण माझ्याकडे बघितलं नाहीस. तुझा हक्क आहे. जे तोंडानं सांगता आलं नाही ते लिहिते.

तो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या खिडकीवर आला. मी वर न बघताच विचारत होते, नाव, वय, पत्ता, काय होतंय. पोटात गाठ, म्हणाला. मग मी विचारलं, 'जवळचे नातेवाईक?' तो म्हणाला, 'कोणी नाही.' तो आवाज ऐकून मी मान वर केली. इतका वाळला होता की वाटेत भेटला असता तर ओळखला नसता. त्यानं मला ओळखलं, आणि कागद परत मागायला हात पुढे केला. मी दिला नाही. त्याला घरी घेऊन आले.

ऑपरेशन लागणार होतं. मी म्हटलं, आधी आईला भेट. तो म्हणाला, 'ती म्हणाली होती खोली नाही, आणि तिचं बरोबर होतं.' पेटीचं त्यानं मला सांगितलं. बाबांना उठून बसलेलं बघितलं तेव्हा तो दुकानाकडे पळत गेला होता, पेटी परत आणायला. मिस्त्री दुसऱ्या गावी कामाला गेला होता, पेटी घेऊन. हे त्यानं तुला कधी सांगितलं नाही. म्हणाला, सांगून काय, पेटी तर नव्हतीच.

दहा दिवस मी त्याच्या मागे लागले तेव्हा तो तयार झाला. पण अट घातली. तुला सांगायचं नाही. 'गल्लीच्या तोंडाशी माझा धीर सुटला तर मी परत येईन. तिला वाट बघायला लावू नकोस.' म्हणून मी तुला नुसतं घरी राहा असं लिहिलं.

आणि मी त्याला भाडेकरूचं सांगितलं नाही. ताई, मागचं दार आता त्यांचं आहे हे तू मला स्पष्ट लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं. खोली दिलीय हे कळलं तर तो जाणार नाही, अशी भीती वाटली. मला वाटलं, एकदा आईसमोर उभा राहिला की बाकीचं तुम्ही दोघं बघून घ्याल. तो मागून जाईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तो दुसरा कुठून जाणार होता?

संध्याकाळी परत आला. शांत होता. म्हणाला, फाटकावर पाटी होती, आईच्या अक्षरात. तरी मागे गेलो. एका माणसानं दार उघडलं, त्याच्यामागे माझं टेबल दिसत होतं. त्यानं विचारलं, कोण हवंय? मला काही सुचेना, म्हटलं, खोली बघायला आलोय. तो म्हणाला, खोली आता रिकामी नाही. मी विचारलं, मालकीणबाई बऱ्या आहेत का? म्हणाला, 'बऱ्या आहेत, पुढे बसल्यात. पाहुण्यांची वाट बघतायत सकाळपासून, नवी साडी नेसून. बोलावू का?' मी म्हटलं, पाहुणे यायचेत तर राहू द्या.

मी त्याला म्हटलं, अरे वेड्या, ती तुझीच वाट बघत होती! तो म्हणाला, 'मावशी, माझं तिला कुठे ठाऊक होतं? ती दुसऱ्या कुणाची तरी बघत होती. चांगलं आहे. बरी आहे ती.' खरंच होतं ते. तू माझी वाट बघत होतीस.

मग तुझं पत्र आलं. दाराचं वाचलं आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. त्याच दिवशी तुला सगळं लिहिलं. पाकीट चिकटवलं. त्यानं माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाला, 'आधी मला बरा होऊ दे. आजारी पोर घेऊन काय जायचं? बरा झालो की पुढच्या दारानं जाईन, पाहुण्यासारखा.' मी ऐकलं. पाकीट कपाटात ठेवलं. एकदा दुकानाचा नंबर फिरवला, पलीकडून कुणी 'हॅलो' म्हणालं आणि मी ठेवून दिला. तुझं चार तारखेचं पत्र आलं ते मी त्याला वाचून दाखवलं. रेघांचं दोनदा वाचायला लावलं त्यानं.

ऑपरेशन नऊ तारखेला झालं. दहाला शुद्धीवर होता, पाणी मागितलं, मला म्हणाला, आता टाक पत्र. मी टाकलं. अकराला सकाळी सगळं संपलं. मी फोन केला तेव्हा ते पत्र अजून वाटेतच होतं. तू घरी परत गेल्यावर ते तुला मिळालं असेल. ते वाचू नकोस. त्यात शेवटी मी 'लवकर ये' असं लिहिलं आहे.

त्याच्या फॉर्मवर 'कोणी नाही' असं मी कधीच लिहिलं नव्हतं. त्या रकान्यात तुझं नाव होतं, पहिल्या दिवसापासून. त्याला मी दाखवलं होतं. त्यानं खोडलं नाही.

मी चुकले, ताई.

धाकटी


१२ ऑक्टोबर

धाकटे,

दोन्ही पत्रं वाचली. वाचू नकोस म्हणालीस तेही वाचलं.

तू लिहिलंस त्यातलं बरंचसं मला आधीच कळलं होतं. तिथे दवाखान्यात चादर बाजूला केली तेव्हा मला सोबत म्हणून आलेले चष्मेवाले माझ्यामागे उभे होते. तुला आठवत असेल, ते एकदम बाहेर निघून गेले. तू म्हणालीस, त्यांना सहन होत नाही. तसं नव्हतं. माणसाचा चेहरा लक्षात ठेवणं हा त्यांचा धंदा. नाक केवढं, कान किती वर, सगळं मापून ठेवतात. परतीच्या गाडीत अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, 'बाई, मला तुम्हाला एक सांगायचं आहे.' आणि मी म्हटलं, 'सांगू नका. दाराचंच ना?' मला कसं कळलं, मलाच ठाऊक नाही. कदाचित मला सगळा वेळ कळलेलंच होतं.

कारण मी ऐकलं होतं गं. ते मी तुला लिहिलं होतं, पण सगळं लिहिलं नव्हतं. त्या रविवारी मागचं दार लागलं, नुसतं खट्, आणि मी खुर्चीतून अर्धी उठले होते. डोक्याला काही कळायच्या आत गुडघे उठले होते. जगात तसं दार लावणारी तीनच माणसं. एक हे, ते गेलेले. एक मी. मग मनात म्हटलं, शिकले वाटतं चष्मेवाले, आणि पुन्हा बसले. तुझी वाट बघायची होती ना. दहा पावलं होती, धाकटे. मी मोजली. पुढच्या खोलीतून मागच्या दारापर्यंत दहा.

पाटी अजून आहे, जिन्याखाली. फेकायला घेतली होती, पण फेकवत नाही. अक्षरं माझीच आहेत. चार वर्षांपूर्वी तोंडानं जे म्हणाले तेच मी काळ्या रंगानं लिहून फाटकाला टांगलं, आणि त्यानं ते वाचलं. तू भाडेकरू ठेव म्हणालीस, पण ओळ मी लिहिली.

तुला माफ केलं असं मी लिहिणार नाही. अजून केलेलं नाही. करीन की नाही ठाऊक नाही. पण तू त्या रकान्यात माझं नाव लिहिलंस, आणि त्यानं ते खोडलं नाही, एवढी ओळ मी रोज वाचते. ती तू लिहिलीस म्हणून मी हे पत्र लिहायला बसले.

मिस्त्री भेटायला आला होता. पेटी घेऊन आला. यांचे सगळे रंधे, तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेले. रडला. म्हणाला, 'काकू, निदान मागचं दार तरी करून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे.' मी नको म्हटलं. त्यानं दारावरचा हात काढेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

चष्मेवाल्यांनी सामान बांधलं होतं. म्हणाले, 'मी खोली सोडतो, मला इथे राहवत नाही.' मी म्हटलं, कुठेही जायचं नाही. तुमचा काय दोष? त्यानं विचारलं तेवढं तुम्ही खरं सांगितलंत. ते ऐकेनात. दोन बॅगा उंबऱ्याशी आणून ठेवल्या. मग मला खरं कारण सांगावं लागलं. मी म्हटलं, माझा मुलगा या घरात शेवटचं काही करून गेला असेल, तर ते म्हणजे तुम्हाला हे दार लावायला शिकवलं. तुम्ही गेलात तर ते कुणाजवळ राहील?

त्यांनी बॅगा उचलून आत नेल्या.

रोज साडेसहाला येतात. मी त्या वेळी कुठलंही काम काढत नाही. पुढच्या खोलीत बसते, खुर्ची मागच्या बाजूला तोंड करून. आधी गल्लीत चपला वाजतात, मग कडी, मग जरा थांबतात. ते थांबणं म्हणजे दार वर उचलणं. आणि मग खट्.

तू ये. खाट टाकून ठेवलीय. पुढून ये की मागून ये, कुठूनही ये. पण मागून आलीस तर दार आपटू नकोस.

ताई